'ग्रेड टू' म्हणजे काय, हे घरच्यांना कोण सांगणार?

पेशंट किनवट-मुखेडचा असो की औसा-निलंग्याचा, अर्धांगवायू झालेला किंवा खुबा मोडलेला माणूस सुट्टी होऊन गावी जातो. कार्डावर इंग्रजीत लिहिलेले असते, 'प्रेशर सोअर, ग्रेड टू'. सेवा मात्र करते सून नाहीतर लेक. माझे स्पष्ट मत आहे की जिच्या हातात शुश्रूषा, तिला हे शब्द मराठीत कळलेच पाहिजेत.

पहिली पायरी: कातडी शाबूत, पण लाल डाग दाबूनही फिका पडत नाही. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे गरम, कडक किंवा दुखरी जागा शोधा.
दुसरी: फोड येतो किंवा वरची कातडी सोलवटते.
तिसरी: चरबीपर्यंत खड्डा पडतो.
चौथी: स्नायू, हाड उघडे पडते.

लालबुंद, दाणेदार जखम भरत असते. पिवळा चिकट थर किंवा काळी खपली म्हणजे मेलेला भाग. तो घरी ओढून काढू नका.

पहिल्याच पायरीवर साधारण दर 2 तासांनी कूस बदलली, तर पुढचे बरेचसे टळते. डाग चोळू नका. घामाने, लघवीने ओली चादर लगेच बदला. माकडहाड, खुबे, टाचा रोज पाहा. जखमेत हळद, राख भरू नका. पू, घाण वास किंवा ताप आला तर दवाखाना गाठा.

'पाठ फुटली' हे नशीब नव्हे. सुट्टी घेताना विचारा, "डॉक्टर, कितवी पायरी?" सांगणे आमचे कामच आहे.