किट नको, कापूस आणा

दिवाळीच्या बालकार्यशाळेसाठी यंदाही मेणबत्तीची तयार किट्स मागवायचं समितीत घाटतंय. पुडीत मोजून भरलेलं मेण, पत्र्याच्या चकतीत आधीच अडकवलेली वात, वरून भुरभुरायला चमकी. मुलांनी करायचं काय, तर ओतायचं. माझा विरोध या किटला आहे, मेणबत्तीला नाही.

मेणबत्तीलाच नाक मुरडणारी मंडळीही आपल्यात आहेत. पणती आपली, मेणबत्ती त्यांची, असा हिशेब. मी बुलढाणा जिल्ह्यातला, मला तो पटत नाही. सोयाचं मेण म्हणून इथे जे मिळतं ते सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं असतं. डालडा करायचीही रीत तीच. वात कापसाची. म्हणजे आमच्या काळ्या रानातली दोन्ही पिकं एका मेणबत्तीत आली. १८६१ ते ६५च्या अमेरिकन यादवीत लँकशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. १८७०मध्ये जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत आठ मैलांचा रेल्वेफाटाही आला. तिथून गेलेल्या गाठींतला कापूस कुणाच्या सदऱ्यात गेला नि कुणाच्या वातीत, कोण सांगणार!

खरी गंमत वातीतच आहे, आणि किट नेमकी तीच मुलांच्या हातून काढून घेतं. सरकी काढलेला कापूस मोकळा करायचा, दुधाचं बोट लावून वात वळायची, हे घरोघरी आज्यांना येतं. पण ती वात मेणात घालून पाहा: शेंडा जळून काजळी धरते, ज्योत धुरकटते. यावर १८२५च्या सुमारास कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसाने तोड काढली ती विणलेल्या वातीची. अशी वात जळताना वाकते, शेंडा ज्योतीबाहेर येतो आणि त्याची राख होऊन जाते. सुती दोऱ्याची तिपेडी वेणी आठ वर्षांचं पोर सहज घालतं. ती वितळलेल्या मेणात बुडवली की आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे थांबले की काढायची, ताणून धरायची, की कडक. एकाने वळलेली वात घ्यावी, दुसऱ्याने विणलेली, आणि दोन्ही शेजारी पेटवाव्यात. शास्त्रज्ञ फॅरेडेने १८६०-६१च्या नाताळात लंडनला मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. विझवलेल्या वातीच्या धुराला वरून काडी लावली की ज्योत खाली उडी मारते, हे पाहिलेल्या मुलाला मेणाची वाफ जळते हे वेगळं शिकवावं लागत नाही.

भाजण्याची भीती रास्त आहे. म्हणून मेणाचं भांडं थेट आचेवर कधीच नको. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचा डबा. पाणी उकळलं तरी मेण शंभर अंशांपलीकडे जात नाही. चुकून पेटलंच तर झाकण टाकायचं, पाणी मुळीच नाही. ओतायचं काम मोठ्यांनी करावं. पण दिवाळीलासुद्धा बॅटरीवरचे दिवेच हाताळणाऱ्या मुलांना विस्तवाशी वागायचं कोण शिकवणार? मोठेपणी स्वयंपाकघरात एकटं उभं राहिल्यावर शिकायचं का?

हॉलवाले ज्योत पेटवू देत नाहीत, हे समितीचं म्हणणं खरं आहे. मग हॉलमध्ये वेण्या घालाव्यात आणि मेण चार-पाच जणांच्या परसात वितळवावं. किटच्या पैशांत दोऱ्याची रिळं, सोयामेणाची पोती आणि वर चहा-चिवडा निघेल. चमकी मात्र कुणी आणू नये.