मुलांसह हॉलंडला निघताना

हॉलंडात वाखेनिंगेन गावी शेतीसाठी नावाजलेले विद्यापीठ आहे. आपल्याकडील कृषी पदवीधर तेथे संशोधनाला जातात. तुमचा मुलगा बायको-मुलांसह निघाला असेल, तर घर ठरवण्याआधी नातवंडांची सोय बघायला सांगा. आपणही विहिरीला पाणी लागल्यावरच मळ्यात घर बांधतो ना!

तेथे चार वर्षांचे मूल शाळेत जाऊ शकते. पाच पूर्ण झाली की शाळा सक्तीची. सरकारी खर्चाच्या प्राथमिक शाळेला फी नाही, मात्र शिकवणे बहुधा डच भाषेत. नवख्या मुलांचा भाषावर्ग कोठे भरतो, ते विचारून घ्यावे.

खरी अडचण चारच्या आतील मुलाची. पाळणाघर महाग, आणि नंबर लवकर लागत नाही. सरकार खर्चाचा वाटा उचलते, पण आईबाप दोघेही नोकरीत वा शिक्षणात असतील तरच. माझ्या पुतण्याने स्वस्त म्हणून गावाबाहेर घर धरले, पाळणाघराचे नंतर बघू म्हणाला. सूनबाईला मिळालेली नोकरी सोडावी लागली. चूक त्याची, भोगले तिने.

तेव्हा व्हिसाची वाट न बघता नाव नोंदवावे. तेथील जोडपी तर बाळ पोटात असतानाच नोंदवतात.