दंडवते यांचे नाव पुऱ्या टर्मिनसला द्या

कोकण रेल्वेवरील सावंतवाडी येथील टर्मिनसला प्रा. मधू दंडवते यांचे नाव द्यावे, अशी मागणी तेथील प्रवासी संघटना बऱ्याच वर्षांपासून करीत आहेत. याबाबत आपली भूमिका काय, असे काही शाखांनी विचारले आहे. हा कोकणचा प्रश्न, इटारसी-झाशीकडे नोकरी करणाऱ्याने त्यात कशाला पडायचे, असेही काही साथींचे म्हणणे आहे. आम्हाला ते पटत नाही. दंडवते राजापूर मतदारसंघातून 1971 पासून पाच वेळा लोकसभेवर निवडून गेले, म्हणून कोकणाचा त्यांच्यावर हक्क आहेच. पण रेल्वे कामगाराचा हक्क त्याहून कमी नाही, आणि तो देशभरच्या कामगाराचा आहे.

1974 चा संप आज नोकरीत असलेल्यांपैकी कोणी केलेला नाही. वडिलांकडून, काकांकडून ऐकलेला आहे. 8 मे ते 27 मे असे वीस दिवस सुमारे 17 लाख कामगार संपात होते. बोनस, वाढत्या महागाईला पुरेल असा भत्ता, गाडी चालवणाऱ्या लोको स्टाफला आठ तासांची ड्युटी, या मागण्या होत्या. संप चिरडण्यात आला. हजारो कामगार बडतर्फ झाले, त्यातल्या कित्येकांना शिस्त व अपील नियमांतील 14 (2) चा आधार घेऊन चौकशीशिवायच घरी बसवले. ना आरोपपत्र, ना साक्षीदार, ना बाजू मांडायची संधी. रेल्वे कॉलन्यांत पोलीस शिरले, क्वार्टरमधले सामान रस्त्यावर आले आणि त्या सामानाशेजारी बायकामुले बसली. वर्षभरात आणीबाणी आली. त्या काळात दंडवते स्वतः बंगलोरच्या तुरुंगात होते.

मार्च 1977 मध्ये ते रेल्वेमंत्री झाले आणि संपातील बडतर्फ कामगारांना त्यांनी परत कामावर घेतले. मुगलसराय असो, गोल्डन रॉक असो की आपले भुसावळ, तीन वर्षे विझलेल्या चुली त्या निर्णयाने पेटल्या. त्या नोकऱ्यांवर मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली, पेन्शन मिळाली. आपल्या सभासदांत त्या घरांतली मुले आजही आहेत. कामगारांच्या सभेत आश्वासन देणारे पुढारी आपण पुष्कळ पाहिले. खुर्चीवर बसल्यावर फाईल मागवून सही करणारे फार थोडे.

मंत्री म्हणून त्यांची दुसरी आठवण प्रवाशाला रोज अंगाला लागत होती. लाकडी फळीवर रात्र काढणाऱ्या दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला त्यांनी बर्थवर दोन इंच फोम दिला. पहिला वर्ग खाली ओढण्याऐवजी दुसरा वर्ग वर आणावा, हा त्यांचा सरळ हिशेब होता. 26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिला पहिला वर्गच नव्हता. आज त्याच गाडीला वातानुकूलित डबे आहेत. काळ बदलतो, प्रवाशालाही सोयी हव्यात, ते आम्ही नाकारीत नाही. पण गेल्या काही वर्षांत अनेक गाड्यांतले स्लीपर आणि जनरल डबे कमी झाले, आणि डब्याच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला तिकीट विचारण्याची पाळी आपल्याच टी.टी.ई. साथीवर येते. दंडवत्यांचे नाव घेणाऱ्या मंत्र्याने व अधिकाऱ्याने याचे उत्तर द्यायला हवे.

कोकण रेल्वेबद्दल फार लिहीत नाही, कारण ती कथा सर्वांना माहीत आहे. 1989-90 च्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. वर्षानुवर्षे पैशासाठी अडलेला मार्ग त्यामुळे मोकळा झाला, 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि 1998 मध्ये पूर्ण मार्गावर गाडी धावली. बोगदे खणताना व पूल बांधताना जे मजूर गेले, त्यांचे श्रमशक्ती स्मारक रत्नागिरीला आहे. त्या मार्गाने जाणाऱ्या साथींनी एकदा तरी तेथे उतरावे.

आता विरोधी मत. आमचे एक जुने स्नेही म्हणतात, की दंडवत्यांना पाटी-पुतळ्यांची हौस नव्हती. सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा हा माणूस, मंत्रिपदे भोगूनही साधा राहिला. 12 नोव्हेंबर 2005 ला गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहसुद्धा जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. ज्याने स्वतःसाठी समाधीएवढी जागा ठेवली नाही, त्याचे नाव भिंतीवर कशाला?

या म्हणण्यात वजन आहे. तरीही आम्हाला वाटते, की पाटी गेलेल्यासाठी नसते, मागे राहिलेल्यांसाठी असते. शेजारी गोव्यात मोपाच्या विमानतळाला 2022 मध्ये मनोहर पर्रीकरांचे नाव मिळाले. मुगलसराय स्टेशन 2018 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने ओळखले जाते. ज्यांच्यामागे सत्ता असते, त्यांची नावे लागतात. दंडवत्यांच्या मागे आज सत्ता चालवणारा पक्ष नाही. त्यांच्यामागे कोण उभे राहील, तर ज्यांना त्यांनी कामावर परत घेतले त्यांची संघटना. दुसरे कोणी येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

मात्र आमची एक अट आहे, आणि ती नावाइतकीच महत्त्वाची आहे. सावंतवाडीच्या टर्मिनसचे भूमिपूजन 2015 मध्ये झाले. त्यानंतर काम वर्षानुवर्षे रेंगाळले. अशा ठिकाणी नामकरणाचा एक धोका असतो. पाटी लावायला एक दिवस पुरतो, हार घालायला पाच मिनिटे, आणि फोटो छापून आला की प्रश्न सुटल्यासारखे सर्वांना वाटते. टर्मिनस म्हणजे रंगवलेली इमारत नव्हे, हे आपल्याला समजावून सांगायला नको. गाडी तेथे संपली पाहिजे आणि तेथून सुटली पाहिजे. त्यासाठी पिट लाइन हवी, डब्यांत पाणी भरण्याची सोय हवी, कॅरेज अँड वॅगनचा पुरेसा स्टाफ हवा, ड्रायव्हर-गार्डना झोप लागेल अशी रनिंग रूम हवी. गणपतीला चाकरमानी उभ्याने, संडासाच्या दाराशी बसून गावी जातो, त्याला मुंबईकडे परतताना रिकामी गाडी सावंतवाडीत मिळाली पाहिजे. आणि दंडवत्यांच्या नावाच्या इमारतीत झाडू मारणाऱ्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन व पी.एफ. मिळत नसेल, तर ते नाव तेथे न लावलेलेच बरे.

नाव कसे असावे, यावरही बोलले पाहिजे. लांबलचक नावांची आद्याक्षरे होतात हा आपला रोजचा अनुभव. व्ही.टी.चे 1996 मध्ये सी.एस.टी. झाले, 2017 मध्ये सी.एस.एम.टी. झाले, महाराजांचे नाव मात्र अनाउन्समेंटपुरते उरले. जुने प्रवासी तर अजून व्ही.टी.च म्हणतात. म्हणून सगळ्या पदव्या न जोडता 'मधू दंडवते टर्मिनस, सावंतवाडी' एवढेच असावे. गावाचे नाव जाऊ नये. सबळ कारण असल्याशिवाय गावांची नावे बदलू नयेत, असा केंद्रीय गृह खात्याचा 1953 पासूनचा दंडक आहे, तो शहाणपणाचा आहे. आर.एम.एस.मधले आमचे साथी याला दुजोरा देतील. सॉर्टिंगच्या खणापुढे उभ्या माणसाला एकाच गावाची दोन-तीन नावे पाठ ठेवावी लागतात, आणि पत्र चुकले की मेमो त्यालाच मिळतो.

शिवाय टपाल साथींचा या कामाशी आणखी एक संबंध आहे. नावाचा प्रस्ताव राज्य सरकारने करायचा आणि गृह खात्याने संमती द्यायची; संमतीपूर्वी गृह खाते रेल्वे, टपाल खाते आणि सर्व्हे ऑफ इंडिया यांचे मत घेते. म्हणजे विचारणा ज्या तीन दारांशी जाते, त्यांतल्या दोन दारांशी आपण काम करतो. तेव्हा रेल्वे व टपाल, दोन्हीकडच्या शाखांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा. महाराष्ट्राबाहेरच्या शाखांनी तर अवश्य घ्यावा आणि आपल्या विभागात 1977 मध्ये परत कामावर आलेल्या कामगारांचा उल्लेख ठरावात करावा. त्यांच्यापैकी कोणी हयात असतील तर त्यांना सभेला बोलावून पहिली सही त्यांची घ्यावी. ठरावात टर्मिनसचे काम पुरे करण्याची मागणी आधी आणि नावाची मागणी नंतर लिहावी. एक प्रत राज्य सरकारला, एक रेल्वे बोर्डाला व एक आमच्याकडे पाठवावी.