हा तुटवडा कोणी पैदा केला?

२०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या देशात महामारी पसरली नव्हती, सीमेवर युद्ध पेटले नव्हते, इंधनाचा खडखडाट झाला नव्हता. विमाने तळावर उभी होती, तिकिटांचे पैसे कंपनीच्या तिजोरीत आगाऊ जमा झाले होते. आणि तरीही ३ ते ५ डिसेंबर या अवघ्या तीन दिवसांत इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची २५०७ उड्डाणे रद्द झाली, १८५२ रखडली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी ठिकठिकाणच्या विमानतळांवर अडकून पडले. विमाने होती. ती उडवायला माणसे नव्हती.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर इंडिगोची विमाने वैमानिकांविना उभी राहिली आणि त्यांनी जागा अडवल्यामुळे इतरांची विमाने आणायची कुठे, हा प्रश्न विमानतळ प्रशासनापुढे उभा ठाकला. हुबळीत एका नवविवाहित जोडप्याच्या स्वागत समारंभाला पाहुणे जमले, मांडव सजला, पण भुवनेश्वरहून निघालेले वधूवर पोहोचलेच नाहीत. शेवटी मुलीच्या आईवडिलांना त्या दोघांच्या खुर्च्यांवर बसावे लागले आणि वधूवरांनी पडद्यावरून पाहुण्यांना हात जोडले. कोणी परीक्षेला मुकला, कोणी अंत्यविधीला. या साऱ्यांपुढे कंपनीने प्रथम ठेवली ती तांत्रिक अडचणी, हिवाळी वेळापत्रक, हवामान आणि गर्दी अशी कारणांची जंत्री. खरे कारण त्या जंत्रीच्या तळाशी दडपले होते आणि ते दडपण्यामागे हेतू होता.

ते कारण असे. वैमानिकांची रोस्टर आणि थकव्याचे अहवाल तपासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ८ जानेवारी २०२४ रोजी वैमानिकांच्या कामाच्या वेळेचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. मध्यरात्र ते पहाटे पाच ही ‘रात्र’ आता सहापर्यंत धरायची ठरली. रात्रीच्या पाळीत सहापर्यंत लँडिंग करवून घेण्याची मुभा होती, ती दोनवर आली. हे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. विमान कंपन्यांनी कुरकुर केली आणि ते लांबणीवर पडले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी ठरली. घोषणेपासून अखेरच्या टप्प्यापर्यंत बावीस महिने मिळाले. एवढ्या अवधीत नवे को-पायलट घेऊन त्यांना विमानावर तयार करता येते आणि अनुभवी को-पायलटना कॅप्टनच्या खुर्चीपर्यंत नेता येते.

हे नियम म्हणजे वैमानिकांचे लाड आहेत, असे ज्यांना वाटते त्यांनी मंगळूर आठवावे. २२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान तेथील टेबलटॉप धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ माणसे मेली. कॅप्टन त्या उड्डाणात दीर्घकाळ झोपी गेला होता आणि झोपेच्या अमलातून त्याची निर्णयशक्ती पुरती सावरली नव्हती, हे चौकशीत निष्पन्न झाले. आमच्या नागपुरात १७ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्याचे विमान घेऊन निघालेला इंडिगोचा कॅप्टन बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि गतप्राण झाला. अवघ्या चाळिशीचा माणूस. त्या मृत्यूचे कारण ठरवणे हे वैद्यांचे काम, आमचे नव्हे. पण पहाटे तीनला उठून उड्डाणे करणाऱ्या माणसाच्या देहावर काय गुजरते, हा प्रश्न त्या गेटपाशी साऱ्या देशापुढे पडला होता आणि नियम त्यानंतर पाच महिन्यांच्या आत आले. विश्रांतीचा प्रत्येक तास प्रवाशांच्या प्राणांचे मोल मोजून लिहिला गेला आहे.

मग या बावीस महिन्यांत कंपनीने काय केले? भारतीय वैमानिकांच्या महासंघाने तिच्यावर जाहीर आरोप केला की तिने नोकरभरती गोठवली, एकमेकांचे वैमानिक न घेण्याचे समझोते केले आणि पगार जागच्या जागी बांधून ठेवले. आरोप बाजूला ठेवू, कंपनीचे स्वतःचे आकडे पाहू. नव्या नियमांप्रमाणे एअरबसच्या ताफ्यासाठी २४२२ कॅप्टन लागतात, असे तिनेच महासंचालनालयाला सांगितले. हाताशी होते २३५७. पासष्ट कॅप्टन कमी आहेत हे ठाऊक असताना तिने उड्डाणे कमी केली नाहीत, वाढवली. उन्हाळी वेळापत्रकाच्या तुलनेत सहा टक्के अधिक, म्हणजे आठवड्याला १५०१४ उड्डाणे तिने मागितली; आणि ज्या महासंचालनालयाने नियम लिहिले त्यानेच ती मंजूर केली. एसटीच्या कोणत्याही आगारातला वाहतूक नियंत्रक आधी चालक मोजतो, मग फेऱ्या लावतो. तेवढे शहाणपण ना कंपनीच्या कार्यालयात सापडले, ना दिल्लीच्या सरकारी इमारतीत.

आणि ही कंपनी काही फाटकी नव्हे. २०२३ च्या जूनमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात तिने एका फटक्यात ५०० एअरबस विमानांची ऑर्डर नोंदवली. नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासातील ती तोवरची सर्वांत मोठी खरेदी होती. २०२३-२४ या वर्षात तिचा निव्वळ नफा ८१७२ कोटी रुपयांचा, पुढच्या वर्षी ७२५८ कोटींचा. ज्या कंपनीला दहा-बारा वर्षांपुढची विमाने आज दिसतात, तिला बावीस महिन्यांपुढची विश्रांती दिसत नाही, हे कोणत्याही सुबुद्ध नागरिकाने मानू नये. तिला दिसत होते. तिने डोळेझाक केली, कारण माणसे कमी ठेवण्यातच नफा होता.

‘वैमानिक मिळत नाहीत’ हे या धंद्याचे जुने रडगाणे आहे आणि त्याचा खोटेपणा महाराष्ट्रातल्या शेकडो घरांत रोज उघडा पडतो. २०२३ या एका वर्षात महासंचालनालयाने १६२२ व्यावसायिक वैमानिक परवाने दिले. हे तरुण कुठे आहेत? बारामती, गोंदिया, धुळे येथे उड्डाणाचे धडे गिरवलेला, दोनशे तास हवेत काढलेला, साऱ्या लेखी परीक्षा आणि वैद्यकीय कसोट्या पार केलेला मुलगा घरी बसून आहे. बापाने शेताचा तुकडा विकला आहे किंवा राहते घर गहाण टाकले आहे. परवान्यासाठी अर्ध्या कोटीच्या घरात खर्च झाला. आता विशिष्ट विमानाच्या टाइप रेटिंगसाठी आणखी पंधरा-वीस लाख स्वतःच्या खिशातून भरायचे आहेत. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनेची वाट धरली तर आकडा कोटीच्या पलीकडे जातो. एवढे करून नोकरीची हमी नाही, भरती केव्हा निघेल याचा पत्ता नाही. उडवण्याचे तास भरत नाहीत म्हणून हात विसरतात, सराव टिकवायला पुन्हा पैसे मोजावे लागतात आणि शेजारीपाजारी विचारत राहतात, मुलगा उडतो कधी? येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार वैमानिक लागतील, असे केंद्रीय मंत्री व्यासपीठांवरून सांगतात. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून कर्ज काढलेल्या घरांना त्यांनी एकदा भेट द्यावी.

कॅप्टन एका रात्रीत तयार होत नाही, ही सबब आम्हाला ठाऊक आहे. कॅप्टन होण्यासाठी वरच्या श्रेणीचा परवाना लागतो, त्यासाठी किमान पंधराशे तासांचे उड्डाण लागते आणि पुढे कंपनीचे प्रशिक्षण व कसोटी. ही सबब कंपनीच्याच गळ्यात पडते. कॅप्टन घडायला वर्षे लागतात, म्हणूनच को-पायलटची भरती अखंड चालू ठेवावी लागते. आज दार बंद केले की चार-पाच वर्षांनी डाव्या खुर्चीत बसायला माणूस उरत नाही. भरती गोठवायची, बढतीची रांग रखडवायची आणि मग ‘अनुभवी माणसेच नाहीत’ असे सांगत सरकारदरबारी सवलतीसाठी हात पसरायचे, याला आम्ही लबाडी म्हणतो.

जो आत शिरला त्याची गत तरी काय? २०१७ च्या नियमाने कॅप्टनला नोकरी सोडण्यापूर्वी बारा महिन्यांची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस बंधनकारक केली. उद्योगाच्या सोयीसाठी माणसाला वर्षभर बांधून ठेवण्याचे हे कलम लिहिताना सरकारला एकदाही संकोच वाटला नाही. आणि बांधलेला माणूस सुटून जाणार तरी कुठे? किंगफिशर २०१२ मध्ये बुडाली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. २०२४ च्या नोव्हेंबरात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. देशांतर्गत प्रवाशांपैकी जवळपास दोन तृतीयांश एकट्या इंडिगोच्या विमानांत बसतात आणि उरलेल्यांतला मोठा वाटा एअर इंडिया समूहाकडे आहे. दोनच धनी उरलेल्या बाजारात चाकराने पगाराची आणि विश्रांतीची बोली लावायची कशी? वैमानिकाने सोडून जायचे तर बारा महिने आधी सांगायचे. कंपनीने हजारो उड्डाणे रद्द करायची तर प्रवाशाला बारा तासही आधी सांगायचे नाही. हा न्याय कोणत्या धर्मशास्त्रात बसतो?

तिकीट स्वस्त ठेवायचे तर माणसे कमी ठेवावीच लागतात, असा युक्तिवाद आता कोणी करू नये. डिसेंबरच्या त्या आठवड्यात उरलेल्या विमानांची भाडी इतकी भडकली की सरकारला अंतरानुसार मर्यादा घालावी लागली. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार आणि पंधराशेच्या पुढे अठरा हजार. कमी माणसांतून वाचवलेला पैसा कंपनीच्या नफ्यात गेला. कमी माणसांमुळे झालेला भुर्दंड प्रवाशाच्या खिशातून वसूल झाला.

आता महासंचालनालयाकडे वळू, कारण या प्रकरणातला सर्वांत मोठा अपराध त्याच्या नावावर आहे. नियम पाळण्याइतकी तयारी कंपनीने ठेवली नव्हती, हे सिद्ध झाल्याबरोबर ५ डिसेंबरला त्याने काय केले? कंपनीला शिस्त लावण्याआधी नियमालाच रजेवर पाठवले. रात्रीच्या पाळीच्या आणि लँडिंगच्या मर्यादेतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. वैमानिकाची वैयक्तिक रजा साप्ताहिक विश्रांतीत धरू नये, हा आदेश तर साऱ्याच कंपन्यांसाठी मागे घेतला. जी विश्रांती विमानातल्या पावणेदोनशे जिवांसाठी अत्यावश्यक आहे असे महासंचालनालय नोव्हेंबरात सांगत होते, ती डिसेंबरात अत्यावश्यक कशी उरली नाही? वैमानिकांची शरीरे त्या महिन्याभरात बदलली नव्हती. बदलले ते एवढेच की कंपनीने तीन लाख प्रवाशांना वेठीला धरले आणि सरकारने गुडघे टेकले.

पुढे चार उड्डाण निरीक्षकांना कामावरून दूर केले गेले. बळी द्यायला खालची मंडळी नेहमीच हाताशी असतात. वेळापत्रक मंजूर करणारे वरचे हात शाबूत राहिले. जानेवारीत दंड झाला. उड्डाणांचे नियोजन अतिरेकाने ताणले आणि नियमांची पूर्वतयारी अपुरी ठेवली, असा ठपका महासंचालनालयाने स्वतःच्या आदेशात ठेवला. म्हणजे आम्ही म्हणतो तेच त्याने मान्य केले. आणि शिक्षा? २२ कोटी २० लाख रुपये. ७२५८ कोटींच्या वार्षिक नफ्याला ३६५ ने भागा. उत्तर दिवसाला वीस कोटींच्या आसपास येते. तीन लाख माणसांच्या हालांची किंमत महासंचालनालयाने कंपनीच्या जेमतेम एका दिवसाच्या नफ्याएवढी ठरवली. अशा दंडाने कोणतीही कंपनी सुधारत नाही. ती तो खर्चाच्या रकान्यात टाकते आणि पुढे जाते.

आमचा निवाडा स्पष्ट आहे. हा तुटवडा कंपनीने नफ्यासाठी पैदा केला आणि सरकारने तो पोसला. म्हणून पुढचे प्रत्येक वेळापत्रक मंजूर करताना कंपनीने किती कॅप्टन आणि किती को-पायलट आहेत हे शपथेवर सांगावे, ती संख्या जनतेपुढे यावी आणि माणूस नसेल तेथे उड्डाणास परवानगी मिळू नये. थकव्याचे अहवाल कपाटात कुजू नयेत. ते प्रसिद्ध व्हावेत. बारा महिन्यांच्या नोटिशीचे जोखड काढावे. दंड उलाढालीच्या प्रमाणात बसावा, म्हणजे तो संचालकांच्या बैठकीपर्यंत पोहोचेल. आणि विश्रांतीच्या नियमांतून कोणालाही, कितीही मोठ्या कंपनीला, एका रात्रीचीही सूट मिळता कामा नये.

परवाना हातात घेऊन घरी बसलेल्या तरुणाला कंपनीने कामावर घ्यावे आणि थकलेल्या कॅप्टनला घरी जाऊन झोपू द्यावे, एवढी साधी ही मागणी आहे. ती मान्य करायला पैसा लागतो आणि तो पैसा कंपनीकडे आहे. ती मान्य करवून घ्यायला कणा लागतो. तो सरकारने दाखवावा.