गळती थांबते, भाव वाढत नाही

"विकायच्या आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, खर्च दुपटीनं वसूल होईल." हा सल्ला निगडी प्राधिकरणातल्या बंगलेवाल्यालाही मिळतो आणि मोशीतल्या टू-बीएचकेवाल्यालाही. देणारा बहुधा ठेकेदार असतो, नाहीतर एजंट. सल्ला साफ चुकीचा आहे. पण म्हणून वॉटरप्रूफिंग करूच नये, असं मी म्हणत नाही.

आधी भाव ठरतो कसा ते पाहू. कर्ज देणाऱ्या बँकेचा व्हॅल्युअर येतो तेव्हा क्षेत्रफळ, इमारतीचं वय, मंजूर नकाशा आणि आजूबाजूचे ताजे व्यवहार बघतो. रेडी रेकनरमध्ये विभाग पाहतात, बांधकामाचा प्रकार पाहतात, वयानुसार घसारा धरतात. गच्चीवर नवा कोबा टाकलाय की तळघराच्या भिंतींना लेप दिलाय, याचा रकाना तिथे नाही. खर्च वसूल होण्याचं हे गणित मुळात अमेरिकेतलं. तिथे बहुतेक घरं तपासनीस आणून, अहवाल घेऊन विकली जातात, आणि अनेक ठिकाणी तळघर हा घराचा वापरातला मजला असतो. आपल्याकडे घर खरेदी म्हणजे रविवारी दुपारी अर्धा तास.

तळघराची गोष्ट तर आणखी वेगळी. आपल्या बांधकाम नियमावलीत तळघराला परवानगी मिळते ती पार्किंग, साठवण, यंत्रसामग्री अशा कामांसाठी. राहती खोली म्हणून नाही. म्हणजे भिंती कोरड्याठाक करून तिथे होम थिएटर थाटलं, तरी खरेदीखतात राहतं क्षेत्र एक फूटही वाढत नाही. हौस म्हणून जरूर करा. गुंतवणूक म्हणून नको.

आणि पाणी नेहमी भिंतीतूनच येतं असं कुठे आहे? जुनी सांगवी, पिंपळे गुरव या नदीकाठच्या भागांत पवना फुगली की ते गटारांतून उलटं येतं आणि रॅम्पवरून सरळ पार्किंगमध्ये उतरतं. तिथे रसायनाचा लेप काय करणार? चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेनं १७ मे २०२५ रोजी पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. त्या घरांना जगातलं उत्तम वॉटरप्रूफिंग केलं असतं, तरी ती वाचली नसती.

यावर दुसरा पक्ष तावातावानं म्हणतो, "भाव वाढत नाही ना? मग कशाला पैसे पाण्यात घालायचे? पुट्टी मारा, रंग द्या, मे महिन्यात विकून मोकळे व्हा." हा पक्ष पहिल्यापेक्षा वाईट. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ सांगतं की विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. लपवला तर ती फसवणूक. शिवाय घेणारा तितका भोळा राहिलेला नाही. चाकणच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीत असलेला माणूस घर बघायला आला की बाथरूमच्या मागच्या भिंतीवर बोट फिरवतो. रंगाखालून पांढरे क्षार पिठासारखे सुटले, कपाटामागे पोपडा हाताला लागला, की भाव तिथेच पडतो. दुरुस्तीचा खर्च लाखभर असेल तर तो तीन-चार लाख कमी करून मागतो. न दिसलेल्या गळतीची भीतीही तो त्यात धरतो, आणि त्यात चूक काहीच नाही.

वॉटरप्रूफिंगचं खरं मोल इथे आहे: ते भाव चढवत नाही, पाडून मागण्याचं कारण काढून घेतं. पण त्यासाठी काम खरं हवं. आपल्या पट्ट्यात वर काळी माती किंवा मुरूम आणि खाली बेसाल्टचा कातळ. कातळात खणलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो. म्हणून तळघराचं काम बांधकामाच्या वेळीच व्हायला हवं: राफ्टखाली आणि भिंतींना बाहेरून, शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग किंवा मेम्ब्रेन. माती भरून झाल्यावर उरतं ते आतून ग्राउट मारणं. त्यानं एक भेग बुजते आणि पाणी शेजारची शोधतं. वाकड-ताथवड्याच्या टॉवरमध्ये दोन-तीन मजली पार्किंग जमिनीखाली असतं. तिथे लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलं तर उपसा पंपाचं बिल बाराव्या मजल्यावरचाही भरतो. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेराच्या कलम १४(३) खाली बांधकामातला दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा असतो. सोसायट्या मात्र आपसात वर्गणी काढत बसतात आणि मुदत उलटून जाते.

तेव्हा विकणाऱ्यानं काम विक्रीच्या आदल्या महिन्यात करू नये. एक पावसाळा आधी करावं, गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी तुंबवून खालचं छत तपासावं, बिल, हमीपत्र आणि काम चालू असतानाचे फोटो जपून ठेवावेत. आणि घेणाऱ्यानं घर ऑगस्टमध्ये बघावं, फ्लॅटच्या आधी पार्किंगमध्ये उतरावं, आणि पंप रोज किती तास चालतो ते वॉचमनला विचारावं.