पंपाला दोष देण्यापूर्वी

“मोटर फिरते आहे, पण पाणी येत नाही,” ही तक्रार नाशिक जिल्ह्यात फेब्रुवारी ते मे या महिन्यांत वारंवार ऐकू येते. याच काळात उन्हाळ कांद्याचा गड्डा पोसत असतो, एप्रिल छाटणीनंतर द्राक्षवेलीस नवी फूट येत असते आणि याच काळात विहिरींचे पाणीही झपाट्याने खाली जात असते. पाण्याची एक पाळी चुकली तर तिचे नुकसान पुढच्या पाळीने सर्वस्वी भरून निघत नाही.

अशा घाईच्या वेळी शेतकरी मोटर काढून वायंडिंगसाठी तालुक्याच्या गावी पाठवितो, किंवा कर्ज काढून ५ अश्वशक्तीच्या जागी साडेसात अश्वशक्तीचा पंप आणतो. पैसा जातो, आठवडा जातो आणि नवा पंपही पाणी टाकीत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. मोटर नीट फिरत असता पाणी येत नसेल, तर दोषाचा शोध प्रथम पाण्यापासून पंपापर्यंतच्या नळीत, म्हणजे सक्शनच्या बाजूस घेतला पाहिजे.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. विहिरीच्या काठावरील पंप पाणी ओढतो, असा सार्वत्रिक समज आहे. खरे पाहता पंप नळीतील दाब कमी करतो आणि विहिरीतील पाण्यावर असलेला हवेचा दाब ते पाणी नळीतून वर ढकलतो. इटलीतील टोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीच्या साहाय्याने हवेचा हा दाब दाखवून दिला. समुद्रसपाटीस तो सुमारे ३४ फूट उंचीच्या पाण्याचा भार तोलू शकतो. नाशिकची उंची सुमारे ६०० मीटर असल्याने येथे हा आकडा ३१ ते ३२ फुटांवर येतो. नळीतील घर्षण व इतर घट वजा जाता व्यवहारात २० ते २२ फुटांपलीकडे भरवसा धरता येत नाही. पंपापासून पाणी याहून खाली गेले असेल, तर मोटर कितीही मोठी बसविली तरी उपयोग नाही. हवेचा दाब काही मोटरबरोबर वाढत नाही. अशा वेळी पंप विहिरीतील खालच्या टप्प्यावर उतरविणे किंवा पाणबुडी पंप बसविणे हाच उपाय होय.

पाणी आटोक्यात असूनही पंप ते उचलत नसेल, तर तपासणी तळापासून वर करावी. प्रथम वीज मुख्य स्विचपाशी बंद करावी. फुटव्हॉल्वची जाळी पाण्याखाली निदान दोन फूट आणि तळापासून एक-दीड फूट वर आहे ना, हे पाहावे. जाळी उघडी पडली तर नळीत हवा शिरते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? पाला, शेवाळ व गाळ काढून जाळी धुवावी. मग पंप पाण्याने भरून थोडा वेळ थांबावे. भरलेले पाणी उतरू लागले, तर फुटव्हॉल्वची झडप नीट बसत नाही किंवा तिचे वॉशर झिजले आहे, असे समजावे. पाणी टिकते, पण पंप थोडा वेळ चालून पाणी सोडतो, असे असेल तर सक्शनच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून पंप क्षणभर चालवावा. फेस जेथे आत ओढला जाईल, तेथे हवा शिरत आहे. दोरी भरलेल्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणे हा दोष नव्हे. ते बंद करण्यासाठी ग्लँड आवळीत राहिल्यास दांडा मात्र झिजतो.

वायंडिंग करून आणल्यावर किंवा तारांचे काम झाल्यावर पाणी कमी झाले असेल, तर पंप कोणत्या बाजूस फिरतो ते त्यावरील बाणाशी पडताळावे. उलटा फिरणारा पंपही थोडेबहुत पाणी देतो आणि म्हणूनच तो फसवितो. वीजतंत्र्याकडून तीनपैकी कोणत्याही दोन फेजच्या तारांची अदलाबदल करून घेतल्यास हा दोष दूर होतो. एवढे सर्व ठीक असेल, तरच पंप उकलून पंखा तपासावा.

होडीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप अडला, तर जाणता नाखवाही प्रथम जाळी व नळी चाचपतो. पाणी चढत असता यंत्र उकलीत बसण्यास त्याला अवसर नसतो. सुकत चाललेल्या मळ्याची गोष्ट याहून वेगळी नाही.

दोन बाबतींत मात्र साहस करू नये. फ्यूजच्या जागी जाड तार घालणे आणि ओल्या पायांनी स्टार्टर उघडणे यांनी प्राण जातात. तसेच विहिरीत डिझेल इंजिन चालविले असल्यास त्याचा विषारी धूर आत साठून राहतो. तेथे एकट्याने उतरणे म्हणजे मृत्यूस निमंत्रण होय.

हे काम मिस्त्रीचे आहे, शेतकऱ्याचे नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु मोटेच्या काळात नाडा कोठे झिजला, सोंदूर केव्हा बदलावा, मोटेस भोक कोठे पडले, हे शेतकरी स्वतःच ओळखीत असे. किर्लोस्करवाडीस १९२६ साली पंप तयार होऊ लागले. यंत्राने बैलांचे कष्ट वाचविले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु पाणी उपसण्याच्या साधनाविषयीचे ते ज्ञान जर शेतकऱ्याच्या हातून निसटले, तर तो लाभ अपुराच म्हणावा लागेल. मिस्त्रीची गरज राहणारच. पण त्यास बोलाविण्यापूर्वी दोष कोणत्या बाजूस आहे, हे मालकास सांगता आले पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. चावडीत व्याख्यान देण्यापेक्षा हिवाळ्यातच, पाणी उतरण्यापूर्वी, एखाद्या विहिरीच्या काठावर दहा शेतकरी जमवून फुटव्हॉल्व बाहेर काढून दाखवावा. पंप सुस्थितीत असता एक पिंप किती वेळात भरते, हे पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. तो वेळ वाढू लागला की दोषाची चाहूल लागते आणि मळ्याची पाळी चुकण्यापूर्वीच उपाय करता येतो. एका क्षुल्लक वॉशरपायी कर्ज काढण्याची पाळी कोणत्याही शेतकऱ्यावर येऊ नये, एवढे जरी साधले तरी त्या एका सकाळचे श्रम सार्थकी लागतील.