विश्लेषण : दुकानात कार्ड मशीन आहे, मग ‘कार्डाने दोन टक्के जास्त’ का?

गल्ल्यावर क्यूआर कोडचा फलक, शेजारी जमा झालेली रक्कम बोलून दाखवणारा साउंडबॉक्स आणि बाजूला एक कार्ड मशीन. तालुक्याच्या गावातल्या दुकानांतही हे चित्र आता सवयीचे झाले आहे. तरीही ग्राहकाने कार्ड पुढे केले की अनेकदा ऐकू येते, ‘यूपीआय करता का?’ किंवा ‘कार्डाने दोन टक्के जास्त लागतील.’ ग्राहकाला ही अडवणूक वाटते, तर दुकानदाराला हा स्वतःच्या नफ्याचा प्रश्न वाटतो. यूपीआयला पैसे लागत नाहीत, मग कार्डाला का लागतात? ते कोणाच्या खिशात जातात? आणि ग्राहकाकडे ते मागणे नियमात बसते का?

एका स्वाइपमागे किती जण असतात?

ग्राहकाने मशीनवर कार्ड लावले, पिन टाकला आणि पावती बाहेर आली, की व्यवहार दोन माणसांत झाला असे वाटते. प्रत्यक्षात त्यात आणखी किमान तीन घटक असतात. ग्राहकाला कार्ड देणारी बँक, दुकानदाराला मशीन देणारी बँक आणि या दोघींना जोडणारे जाळे, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे. अनेकदा दुकानदार आणि बँक यांच्यामध्ये मशीन पुरवणारी एखादी पेमेंट कंपनीही असते.

या सर्वांचा मोबदला एकत्र करून दुकानदाराच्या पैशांतून कापला जातो. त्यालाच मर्चंट डिस्काउंट रेट, म्हणजे एमडीआर म्हणतात. बिल ३,००० रुपयांचे असेल तर ग्राहकाच्या खात्यातून पूर्ण ३,००० जातात, पण दुकानदाराच्या खात्यात त्याहून कमी जमा होतात. कापलेल्या रकमेतला मोठा वाटा सहसा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. क्रेडिट कार्डावर मिळणारे रिवॉर्ड पॉइंट, कॅशबॅक आणि बिनव्याजी मुदत यांचा खर्च बँक ज्या पैशांतून भागवते, त्यातला एक भाग असा दुकानदाराकडूनच आलेला असतो.

सर्व कार्डांना एकच दर असतो का?

नाही. गोंधळाची सुरुवात इथूनच होते. मशीन एकच असले तरी त्यात जाणाऱ्या कार्डाप्रमाणे दर बदलतो.

रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणारे यूपीआय यांवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या डेबिट कार्डांना मात्र ही सूट नाही. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा ठरवली, ती १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. आदल्या आर्थिक वर्षात ज्याची उलाढाल २० लाखांपर्यंत आहे, अशा छोट्या व्यापाऱ्याकडून मशीनवरच्या व्यवहाराला ०.४० टक्क्यापर्यंत एमडीआर घेता येतो आणि तो एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. उलाढाल त्याहून जास्त असेल तर मर्यादा ०.९० टक्के आणि १,००० रुपये अशी आहे.

वर्षाला २० लाख म्हणजे दिवसाला साधारण साडेपाच हजार रुपयांची विक्री. बऱ्यापैकी चालणारे किराणा दुकान किंवा मेडिकल ही रेषा सहज ओलांडते आणि नफा फारसा न वाढताही जास्त दराच्या गटात जाते.

क्रेडिट कार्डावर तर अशी कमाल मर्यादाच ठरवलेली नाही. बँक किंवा पेमेंट कंपनी आणि दुकानदार यांच्या करारात जो दर ठरेल तो लागू होतो. मोठ्या साखळी दुकानांना घासाघीस करून दर कमी करून घेता येतो. एकट्या दुकानदाराकडे ती ताकद नसते.

तीन हजारांच्या बिलावर किती कापले जातात?

एक उदाहरण घेऊ. बिल ३,००० रुपयांचे आहे आणि क्रेडिट कार्डाचा दर १.८ टक्के ठरला आहे, असे समजू. एमडीआर ही बँकेने दिलेल्या सेवेची किंमत असल्याने तिच्यावर १८ टक्के जीएसटीही लागतो. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारांना या जीएसटीतून सूट आहे, पण हे बिल त्याच्या वरचे आहे.

- यूपीआय (बँक खात्यातून) किंवा रुपे डेबिट : काहीही नाही
- अन्य डेबिट कार्ड, २० लाखांपर्यंत उलाढाल : जास्तीत जास्त १२ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १४ रुपये १६ पैसे
- अन्य डेबिट कार्ड, त्याहून जास्त उलाढाल : जास्तीत जास्त २७ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३१ रुपये ८६ पैसे
- क्रेडिट कार्ड : ५४ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ६३ रुपये ७२ पैसे

जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला या कराची वजावट मिळू शकते. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला ती मिळत नाही. म्हणजे तोच कर छोट्याला जास्त लागतो.

६४ रुपये ही रक्कम मोठी वाटत नाही. पण ती विक्रीशी नव्हे, नफ्याशी ताडून पाहायला हवी. साडीच्या दुकानात २५ टक्के नफा सुटत असेल तर ३,००० रुपयांवर ७५० रुपये मिळतात आणि त्यातले ६४ गेले तरी फार फरक पडत नाही. मोबाइलच्या दुकानात चारच टक्के सुटत असतील तर नफा १२० रुपयांचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त कार्डावर जातो. ‘दोन टक्के जास्त’ हे वाक्य कमी नफ्याच्या धंद्यांत जास्त का ऐकू येते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

असाच पेच जानेवारी २०१७ मध्ये साऱ्या देशासमोर आला होता. नोटाबंदीनंतर कार्डाने पैसे भरा असा आग्रह सुरू असतानाच काही बँकांनी पेट्रोल पंपांवरच्या कार्ड व्यवहारांवर एक टक्का शुल्क लावायचे ठरवले. पंपचालकांना दर लिटरमागे ठरलेले कमिशन मिळते, त्यांना किंमत वाढवता येत नाही. त्यांच्या संघटनेने ९ जानेवारीपासून कार्ड न स्वीकारण्याचा इशारा दिला आणि सरकारने मध्यस्थी केल्यावर तो पुढे ढकलला गेला.

यूपीआयमुळे कार्ड मशीन महाग झाले का?

दर फारसे न बदलताही, एका अर्थाने हो. पूर्वी मशीनवर डेबिट आणि क्रेडिट अशी दोन्ही कार्डे येत. स्वस्त आणि महाग व्यवहारांची सरासरी दुकानदाराला परवडायची. यूपीआय आल्यावर डेबिट कार्डवाला ग्राहक क्यूआर कोडकडे वळला. पैसे त्याच खात्यातून जाणार असतील तर कार्ड काढायचे कशाला, हा त्याचा साधा विचार. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार २,००० कोटींच्या पुढे गेले.

परिणामी मशीनकडे उरला तो प्रामुख्याने क्रेडिट कार्डवाला ग्राहक. फुकटचे व्यवहार क्यूआरकडे गेले आणि सर्वांत महाग व्यवहार मशीनवर राहिले. मशीनचे मासिक भाडे मात्र तेवढेच. समजा भाडे ३०० रुपये आहे आणि महिन्याला कार्डाने १५,००० रुपयांचीच विक्री होते. मग एमडीआर धरण्याआधीच दोन टक्के खर्च झालेला असतो. ‘मशीन ठेवायचे का’ या प्रश्नाचा अर्थ म्हणूनच आता ‘क्रेडिट कार्डवाला ग्राहक हवा का, आणि किती रुपयांच्या बिलापासून’ असा झाला आहे.

मग क्यूआर कोड नेहमीच फुकट असतो का?

तेही पूर्ण खरे नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. ग्राहक नेहमीसारखाच क्यूआर स्कॅन करतो, पण पैसे खात्यातून न जाता क्रेडिट कार्डातून जातात. छोट्या व्यापाऱ्यांना अशा २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर एमडीआर लागत नाही. त्यावरच्या रकमेला लागू शकतो. त्यामुळे महिनाअखेरीस कापलेली रक्कम पाहून ‘यूपीआयला शुल्क सुरू झाले’ असा समज होतो. प्रत्यक्षात ते शुल्क त्यामागच्या क्रेडिट कार्डाचे असते.

‘दोन टक्के जास्त’ मागता येतात का?

डेबिट कार्डाबाबत उत्तर स्पष्ट आहे. एमडीआरचा बोजा ग्राहकावर टाकला जाणार नाही याची काळजी बँकांनी घ्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत दुकानदार आणि बँक यांच्यातला करार महत्त्वाचा ठरतो, आणि त्यात ग्राहकाकडून वेगळा आकार घेऊ नये अशी अट सहसा असते. असे पैसे मागितले गेले तर बिलावर त्याचा स्वतंत्र उल्लेख मागावा आणि कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करावी, हा ग्राहकापुढचा मार्ग आहे.

पण नियम सांगून पेच सुटत नाही. आकार उघडपणे घेता आला नाही की तो किमतीत मिसळला जातो. मग रोख किंवा यूपीआयने पैसे देणारा ग्राहकही दुसऱ्याच्या रिवॉर्ड पॉइंटचा थोडा खर्च उचलतो. ‘रोखीने घेतले तर कमी करतो’ ही सवलत म्हणजे त्याच हिशेबाची दुसरी बाजू.

तरीही मशीन ठेवण्यात फायदा आहे का?

किराणा दुकानातली उधारीची वही आठवली तर याचे उत्तर सापडते. वहीतल्या उधारीत पैसे कधी येतील आणि बुडतील का, ही चिंता दुकानदाराची असते. क्रेडिट कार्डाने घेतलेला माल हीही उधारीच, पण ती बँकेने दिलेली. दुकानदाराला पैसे सहसा दुसऱ्या कामाच्या दिवशी मिळतात आणि ग्राहकाने नंतर बँकेचे पैसे थकवले तर तो बँकेचा प्रश्न असतो. एमडीआर ही एका अर्थाने वसुलीच्या काळजीतून सुटण्याची किंमत आहे. फ्रीज, मोबाइल, लग्नाचा बस्ता, गाडीची मोठी दुरुस्ती अशा खर्चात हप्त्यांची सोय नसेल तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो. तिथे दीड-दोन टक्के परवडतात. वीस रुपयांच्या बिस्किटांच्या विक्रीत मशीनची गरजच पडत नाही.

म्हणून मशीन घेण्याआधी विक्रेत्याने सांगितलेल्या एका दरावर विसंबून न राहता पुढच्या गोष्टी लेखी घेणे हिताचे ठरते.

- डेबिट, क्रेडिट, परदेशी कार्ड आणि हप्ते यांचे वेगवेगळे दर
- मासिक भाडे, किमान व्यवहारांची अट आणि ती न पाळल्यास होणारा दंड
- पैसे खात्यात कधी येतील आणि ‘त्याच दिवशी’ हवे असल्यास वेगळे शुल्क किती
- मशीन परत करताना लागणारा खर्च आणि आधीची सूचना

रुपे डेबिट कार्डावर काही कापले जात नाही ना, हे पहिल्याच महिन्याच्या विवरणात तपासता येते. ग्राहकाने बँकेकडे व्यवहार नाकारला तर पुरावा लागतो, त्यामुळे बिल आणि मशीनची पावती दोन्ही जपावीत. कार्डाने विकलेला माल परत आला तर पैसे त्याच कार्डावर परत करावेत, रोखीत नव्हे. आणि ‘कार्ड घासतो, रोख द्या’ ही मागणी ओळखीच्या माणसाची असली तरी नाकारावी. माल न विकता क्रेडिट कार्डावर रोख देणे हा करारभंग आहे.

कराची भीती किती खरी?

कार्ड किंवा यूपीआय नको म्हणण्यामागे दुसरे कारण असते, ते म्हणजे नोंद. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआय जमा रकमांच्या आधारे छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत अनेक दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले. त्यात भाजी, दूध असा करमुक्त माल विकणारेही होते.

जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यांसाठी वर्षाला ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख रुपये आहे. ती एकूण उलाढालीवर मोजली जाते, पैसे रोख आले की कार्डाने यावर नाही. मशीनमुळे नवा कर लागत नाही, असलेला धंदा दिसू लागतो. घरगुती जमा आणि दुकानाची जमा एकाच खात्यात मिसळली तर मात्र नसलेली उलाढालही दिसते. दुकानासाठी वेगळे खाते ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

पुढे काय?

शून्य एमडीआरचा खर्च नाहीसा होत नाही, तो कोणीतरी उचलतोच. छोट्या व्यापाऱ्यांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांसाठी केंद्राने २०२४-२५ या वर्षाकरिता १,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली. निदान मोठ्या व्यापाऱ्यांकडून तरी शुल्क घेऊ द्या, अशी पेमेंट कंपन्यांची मागणी आहे. यूपीआयवर एमडीआर लावला जाणार असल्याच्या चर्चा अर्थ मंत्रालयाने जून २०२५ मध्ये फेटाळल्या.

या साऱ्या वादात क्रेडिट कार्डाचा दर फारसा चर्चेत येत नाही. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून ग्राहकांच्या कार्डांवर बँकांना मिळणारा वाटा डेबिटसाठी ०.२ आणि क्रेडिटसाठी ०.३ टक्क्यावर रोखला आणि मग, जानेवारी २०१८ पासून, अशा कार्डांवर ग्राहकाकडून जास्तीचे पैसे घेण्यास बंदी घातली. म्हणजे दुकानदाराचा खर्च आधी आटोक्यात आणला आणि नंतर त्याचे हात बांधले. भारतात डेबिटवर मर्यादा आहे, क्रेडिटवर नाही. ती येत नाही तोवर गल्ल्यावरची ‘यूपीआय करता का?’ ही विनंती थांबण्याची शक्यता कमीच.